डॅरिलचा फुकटचा सल्ला

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मिल्ड्युरा गावात डोळ्यांनी पाहिलं. गळा माझ्या शेजारणीचा, नोला प्रिडमचा.

नोलाची उमेदीची सगळी वर्षं संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये उभ्यानं गेली. निवृत्तीचे पैसे आले तशी ती डॅरिल किओकडे गेली. पैसे कुठे गुंतवावेत ते सांगणं हा त्याचा धंदा. शिवाय आमच्या फुटबॉल क्लबचा कोच. नोलाच्या पोराला त्यानंच खेळायला शिकवलेलं. आता अशा माणसाला "यात तुला काय सुटतं रे?" असं कोण विचारणार? आमच्याकडे दोस्ताला असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. तोच म्हणाला, "तुझ्याकडून फी? छे गं! आपण घरचेच."

त्यानं सगळे पैसे एका कंपनीच्या बदामबागांत घातले. कंपनी बुडाली. मग कळलं, शेकड्याला दहा डॉलर कमिशन कंपनीकडून डॅरिलला मिळालेलं.

इकडे नोलाच्या नवऱ्याचं, क्लॅरीचं, डोकं चालेनासं झालेलं. गॅस चालू ठेवून निघून जायचा, नोलालाच "बाई, तुम्ही कुणाच्या?" विचारायचा. कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमात त्याच्यासाठी खाट मिळत होती, पण शुक्रवारपर्यंत ठेव भरायची होती. नाहीतर त्याला पाच तासांवरच्या गावच्या आश्रमात पाठवणार. नोलाला गाडी चालवता येत नाही. म्हणजे नवरा कायमचाच दुरावला की!

मी तिला धरून डॅरिलच्या ऑफिसात नेलं.

"तुझं कमिशन तरी दे रे," नोला अक्षरशः हात जोडून म्हणाली. "उसने म्हणून दे. ठेवीपुरते होतील."

"ते केव्हाच संपले गं. आणि कमिशनचं कागदात लिहिलेलं होतं, त्यावर तुझी सही आहे. तू विचारलं नाहीस."

"कागद घाल चुलीत!" मी ओरडले. "विश्वासानं आली होती ना ती? मग आधी तिचं भलं बघायचं की कंपनीचं? मेल्या, तू नोकर कुणाचा?"

"पैसे कंपनी देत होती," तो पुटपुटला.

"आणि कंपनीला कोण देत होतं?" नोलानं विचारलं. "मीच ना?"

शुक्रवार गेला, खाट दुसऱ्याला मिळाली.

सोमवारी क्लॅरीला न्यायला गाडी आली, आणि डॅरिल हजर! क्लॅरीला उचलू लागायला म्हणे. मी त्याला हाकलणारच होते, पण नोला म्हणाली, "राहू दे. मला एकटीला उचलवत नाही."

गाडीत बसवताना क्लॅरीचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत त्यानं कुणालाच ओळखलं नव्हतं.

"अरे, डॅरिल!" त्यानं त्याचा हात घट्ट धरला आणि नोलाकडे बोट दाखवलं. "ही बाई कोण कुठली, पण माझं फार करते रे. हिच्या पैशाअडक्याचं तू बघ हं. तुझ्यासारखा भला माणूस नाही."