यांच्या वतीने मीच उत्तरं दिली

अवधपुरीच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी बीपी आणि शुगरवाल्यांची लाइन लागते. आम्ही दोघं तिथे बरीच वर्षं जातो. यांची शुगर, माझं बीपी. सिस्टर पट्टा बांधते, बोटाला टोचते, गोळ्या देते, अकराच्या आत घरी. गेल्या वर्षी त्यात एक कागद वाढला.

सिस्टर आमच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "अम्माजी, आता सगळ्यांना हे प्रश्न विचारायचे आहेत. वरून आलंय. पूर्ण देशात चालू आहे." प्रश्न हिंदीत छापलेले, इकडे सगळं हिंदीतच. झोप येते का, भूक लागते का, कामात मन लागतं का, आपण कुणावर ओझं आहोत असं वाटतं का. शेवटचा प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत मरून जावं असं मनात आलं का.

मी म्हटलं, "गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाला हे काय विचारता?"

"विचारावं लागतं, अम्माजी."

"विचारल्यावर ज्याच्या डोक्यात नाही त्याच्याही येईल."

"नाही येत. आम्हाला तसंच शिकवलंय."

मी माझी उत्तरं दिली. मग यांची दिली. हे शेजारच्या स्टुलावर बसले होते. झोप छान लागते, दोन भाकऱ्या खातात, मीठ कमी पडलं तर बोलून दाखवतात, शेवटचं तर नाहीच नाही. सिस्टरने खुणा केल्या. पाच मिनिटांत दोघांचं उरकलं.

यांच्या वतीने मीच बोलते, हे आमच्याकडे नवं नाही. हे कारखान्यात लोखंड ठोकायच्या शॉपमध्ये होते. तिथे कान गेले. कानाचं मशीन मुलाने आणून दिलंय, ते ड्रॉवरमध्ये आहे. शिवाय डॉक्टरपुढे बोलणं यांना जमत नाही. पोट साफ होतं का विचारलं तरी माझ्याकडे बघतात. मग मी सांगते. डॉक्टरांनाही ते सोयीचं पडतं, कारण मी थोडक्यात सांगते. कॉलनीतल्या सगळ्या बायका हेच करतात. नवऱ्याला काय होतंय ते बायकोला विचारायचं, अशीच रीत आहे.

नंतर सिस्टर ट्रेनिंगला गेली. परत आली त्या मंगळवारी तिने मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

"का? माझा नंबर आलाय."

"तुमचं नंतर. बाबूजींशी एकट्याने बोलायचंय. आता नियम आहे, पेशंटला एकट्याला विचारायचं. घरच्यांनी बाहेर थांबायचं."

"त्यांना ऐकू येत नाही."

"बघते मी. पाच मिनट, अम्माजी."

मी भांडले. लाइनीतल्या लोकांनी माझ्याकडे बघितलं. एक बाई म्हणाली, "बैठ जाओ बहनजी, कोई ले नहीं जाएगा." मी बसले. पाच मिनिटांची वीस झाली. मग आतला डॉक्टर सिस्टरच्या खोलीत गेला. दार पुन्हा लागलं. मला वाटलं शुगर वाढली असणार, काल आंब्याचं लोणचं खाल्लं होतं.

मला आत बोलावलं तेव्हा हे खाली चपलांकडे बघत बसले होते. सिस्टर म्हणाली, "बाबूजींनी तुम्हाला सांगायची परवानगी दिलीये." मला हसू आलं. माझ्याच नवऱ्याचं मला सांगायला परवानगी कसली? मग तिने सांगितलं. यांना कितीतरी महिन्यांपासून जगणं नको झालंय. मनात येतं, जातं, पुन्हा येतं.

मी म्हटलं, "चुकीचं ऐकलं असेल. तुम्ही एक विचारलं, त्यांनी दुसरंच ऐकलं."

"मी कागदच पुढे ठेवला. त्यांनी स्वतः वाचून खुणा केल्या."

तिने कागद दाखवला. खूण यांचीच होती. खालून वर ओढलेली, शेपूट लांब. कारखान्यात जॉब कार्डावर अशीच करायचे. शेवटच्या प्रश्नासमोरही तशीच होती.

मी यांना विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

हे म्हणाले, "तूच सांगत होतीस की सगळं."

मला राग आला. पण डॉक्टर समोर होता, तरुण पोरगा, नरमाईने बोलत होता. त्याने कॉम्प्युटरवर मोठ्या हॉस्पिटलातल्या मनाच्या डॉक्टरणीला जोडून दिलं. ती पडद्यातून यांच्याशी बोलली. सिस्टर तिचं बोलणं मोठ्या अक्षरांत लिहून यांच्यापुढे धरत होती. गोळी सुरू झाली. ती आठवड्यापुरतीच मिळते, डबा माझ्याकडे असतो. मी विचारलं, कारण काय पण? पेन्शन येतं, घर आपलं आहे, मुलगा फोन करतो, नातू पास झाला. पडद्यातली बाई म्हणाली, एकच कारण असेलच असं नाही. मग अनेक कारणं सांगा, मी म्हटलं. तीही तिने सांगितली नाहीत. म्हणाली, हळूहळू कळेल. यांना कळेल की मला, ते विचारायचं राहिलं.

झोपेचं मी खोटं सांगितलं नव्हतं. मी उठायचे तेव्हा हे अंथरुणात असायचे. पहाटेपासून डोळे उघडे ठेवून पडलेले असायचे, हे मला कुठून कळणार? भाकऱ्या दोन खायचे, हेही खरं. मरावंसं वाटणारा माणूस मीठ कमी पडलं म्हणून कशाला कुरकुर करेल? हे मला अजून उमगलेलं नाही. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, असंही असतं. या दवाखान्यात सगळंच असंही असतं.

त्याच दिवशी सिस्टरने यांच्याकडून एक कागद भरून घेतला. मनात तसं आलं तर काय करायचं त्याचा. आधी उठून बाहेर चक्कर मारायची. मग कुणाला फोन करायचा, त्यांची नावं. पहिलं नाव यांच्या शॉपमधल्या मित्राचं. तो अयोध्या नगरला राहतो, दोघं पार्कात पत्ते खेळतात. दुसरा सरकारचा फुकट नंबर, केव्हाही लागतो म्हणे. तिसरी मी.

मी सिस्टरला म्हटलं, "मी घरात असते. फोन करायची गरज नाही, हाक मारली तरी येते. मला तिसरं का टाकलं?"

"अम्माजी, तो काही क्रम नाही."

"एक, दोन, तीन लिहिलंय. चौथी शिकलेय मी."

हे म्हणाले, "अगं, तू घाबरशील म्हणून." मी आयुष्यात कशाला घाबरले ते यांनी सांगावं. पण कागदावर सही झाली होती.

मग दर शुक्रवारी दवाखान्यातून फोन यायला लागला. मोबाइल माझ्याकडे असतो, कारण यांना रिंग ऐकू येत नाही. पहिले दोन फोन मी यांना दिले. स्पीकर लावून गच्चीत पाठवलं आणि खाली येऊन थांबले. तिसऱ्या शुक्रवारी हे आंघोळीला गेले होते. सिस्टरने विचारलं, "बाबूजी कैसे हैं?" मी म्हटलं, "ठीक आहेत, जेवले, झोपले, गोळी घेतली." ती म्हणाली, "त्यांना द्या ना." मी म्हटलं, "आंघोळ करतायत, सगळं ठीक आहे," आणि फोन ठेवून दिला. कुकरची शिट्टी झाली होती. आणि मला खरंच ठीक वाटत होतं. गुरुवारी हे हसले होते, मी बघितलं होतं.

संध्याकाळी सिस्टर स्कूटीवर दारात. मी म्हटलं, "सकाळी सांगितलं ना?"

"पेशंट स्वतः बोलल्याशिवाय फोन झाला असं धरत नाहीत, अम्माजी. नाही बोलले तर घरी जायचं."

"आणि रोज एवढ्यांच्या घरी जाता?"

"जाते. पेट्रोलचं नका विचारू."

मी चहा ठेवला. स्वयंपाकघरात मला ऐकू येतं, घर काही फार मोठं नाही. सिस्टर मोठ्याने विचारत होती आणि हे हळू बोलत होते. हे म्हणाले, हा आठवडा वाईट गेला. बुधवारपासून. आज सकाळी जास्तच. आंघोळीच्या आधी.

मी चहा गाळत होते. तो ओट्यावर सांडला. फडक्याने पुसला, पुन्हा गाळला. सकाळी मी त्या पोरीला ठीक आहेत म्हणाले होते. तिने ते मानलं असतं तर? पुढचा शुक्रवार आठ दिवसांनी होता.

सिस्टरने तिथूनच मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. रात्री यांचा मित्र राहायला आला. तिने मला काहीच ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मी उलट बोलले असते, ते सोपं गेलं असतं. निघताना एवढंच म्हणाली, "तुम्हीही विचारू शकता त्यांना. सरळ. आम्ही विचारतो तसं."

गोळी बदलली. आता महिना होऊन गेला. यांची झोप थोडी सुधारली, असं हे सांगतात. मी सांगत नाही.

विचारायचं मात्र मला जमत नव्हतं. सिस्टरच्या कागदावर हिंदीत ते ठीक दिसतं. मराठीत आमच्या घरात असलं वाक्य कुणी बोललेलं नाही. परवा दुपारी हे मटार सोलत बसले होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "अहो, आज तसं काही वाटतंय का?"

"काय?"

"तसं. दवाखान्यात विचारतात तसं."

"काय म्हणतेस?"

मग मी ओरडून विचारलं, "मरावंसं वाटतंय का आज?" शेजारच्यांच्या खिडकीतून येणारा टीव्हीचा आवाज लहान झाला.

हे म्हणाले, "आज नाही."

"आणि काल?"

"काल दुपारी आलं होतं."

"मग?"

"याला फोन केला," म्हणजे मित्राला. "बोललो. गेलं."

काल दुपारी मी घरातच होते. मोबाइल टेबलावर होता. यांनी तो कधी उचलला, कुठे उभं राहून बोलले, मला पत्ता नाही. फोन केला हे चांगलंच झालं. सिस्टरच्या कागदाप्रमाणे झालं. तरी मला ते चांगलं वाटलं की वाईट, हे मी ठरवू शकले नाही. अजून ठरवलेलं नाही.

मी म्हटलं, "उद्या विचारू का?"

"विचार," हे म्हणाले. "पण हळू."

हळू बोललं तर यांना ऐकू येत नाही. लिहून विचारावं तर माझं अक्षर यांना लागत नाही. मी दाणे बाजूला केले, सालं टोपलीत भरली. कसं विचारायचं ते उद्या बघू, पण विचारायचं, एवढं नक्की.