मामांच्या वाट्याचं गोड

हेरंब धारूरकर साखर सोडतो. हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला, कारण आत्ता तो जेवून उठलाय, श्रीखंडाच्या दोन वाट्या पोटात गेल्यात आणि रविवारच्या दुपारी तो खाटेवर आडवा होऊन पंख्याकडे बघतोय. एक वाटी त्याची. दुसरी दिगूमामांची, जे गेल्या वर्षी वारले.

हे प्रकरण घाटावर सुरू झालं. दहाव्याला मामांच्या पिंडाला कावळा शिवेना. नातेवाइकांनी आळीपाळीने शब्द दिले. मामींना सांभाळू, प्लॉटवरून भांडणार नाही. प्लॉटचं ऐकून तर कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला. शेवटी ऊन चटकायला लागलं तसा हेरंब हात जोडून म्हणाला, "मामा, तुमच्या वाट्याचं गोड मी खात जाईन." कावळा सपकन खाली.

तेव्हापासून हेरंब दोघांचं खातोय. वीज गेल्याच्या तक्रारी फोनवर ऐकायची नोकरी. दर शिवीमागे एक पेढा, लगेच मामांचा एक. परवा डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "साखर काठावर आहे. अजून मागं फिरता येईल, पुढं गेल्यावर नाही." आई रडली. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा कसा?

पंखा हळू होतो. पात्यांच्या जागी हात दिसतात, मग तेही दिसत नाहीत, आणि हेरंब एसटी स्टँडवर रांगेत उभा आहे. पुढच्या माणसाला पाठच आहे, दुसरी बाजू नाही. चौकशीच्या खिडकीत दिगूमामा बसलेत. हयातभर ते तिथंच बसले, उशिराच्या गाड्यांपायी लोकांच्या शिव्या खात, त्यावर काउंटरखालची बर्फी खात.

"बोला भाचेबुवा, कुठं जायचंय?"

"कुठंच नाही मामा. मी झोपलोय."

"झोपलेल्यांचीच गाडी लागलीय."

"तुम्ही बारीक झालात."

"इथं पथ्य कडक आहे. नुसता वास देतात."

"मी शब्द पाळतोय हं. तुमचं सगळं गोड खातो."

मामा खिडकीतून पुढे झुकतात. "अरे, तो कावळा माझा नव्हताच. शेजारी त्या बोरगावकर वकिलांचा दहावा होता. त्यांचा कावळा चुकून आपल्याकडे आला. माझा अजून रांगेत आहे."

"म्हणजे वर्षभर मी वकिलांचं खातोय?"

"वकिलांना चालायचं. त्यांना शुगर नव्हती."

खिडकी आता हेरंबच्या ऑफिसातली आहे. त्याच्या कानात हेडफोन आहे आणि फोन वाजतोय. छाती धडधडते. काचेतून हात काढून मामा त्याचं मनगट धरतात. काच फुटत नाही.

"बघ. शरीराला वाटतं वाघ आला. पळता यावं म्हणून ते रक्तात साखर सोडतं. पण तू पळत नाहीस. खुर्चीत बसतोस, वर पेढा खातोस. रोजचा वाघ, रोजची साखर. इन्शुलिन हाका मारून दमतं, शरीर ऐकेनासं होतं. मला वाटायचं, मी बर्फीनं मरतोय. निम्मा मी त्या खिडकीनं मेलो."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इकडे आल्यावर सगळेच तज्ज्ञ होतात. वेळ असतो."

खुर्ची हलते. ती गाडीतली सीट आहे. गाडी भरलीय आणि आवाज नाही; सगळ्यांच्या मांडीवर मिठाईचे बॉक्स, न उघडलेले. मामांच्या शेजारी एकच जागा रिकामी. तिच्यावर रुमाल.

"तुझीच," मामा प्रेमानं म्हणतात, आणि त्या प्रेमानंच हेरंबच्या अंगावर काटा येतो. "गर्दीत खिडकीतून टाकून धरली. एकट्याला करमत नाही रे."

मोठ्यांनी धरलेली जागा नाकारायची त्यांच्या घरात पद्धत नाही. हेरंब अर्धा बसतोही. सीट उबदार आहे, जणू तो कधीचाच तिथं बसलाय. डबल घंटी वाजते. तो उठतो आणि रुमाल उचलतो.

"विचार कर. दुसरा कुणी बसेल."

"वकिलांना बसवा, मामा."

मामा हसतात. आवाज येत नाही. मग सगळी गाडी तशीच हसते.

हेरंब डोळे उघडतो. मुठीत रुमाल आहे. निळ्या चौकटींचा, ओलसर, चिकट. आई चहा घेऊन येते आणि दारातच थबकते.

"हा दादाचा. उचलायच्या आधी मीच त्याच्या खिशात घातला होता. कुठं मिळाला तुला?"

"खिडकीजवळ."

आई कप पुढे करते.

"हा परत ने. बिनसाखरेचा आण."

"आणि दादाच्या वाटचा?"

"त्यांना पथ्य आहे."

मोबाईल वाजतो. साहेब. "हेरंब, निम्म्या गावाची लाइट गेलीय, लोक पेटलेत. आत्ताच्या आत्ता ये!" छाती धडधडते. हात सवयीनं उशीखालच्या पेढ्यांकडे जातो, वाटेतच थांबतो. हेरंब ताठ बसतो, घसा साफ करतो.

"येतो साहेब. फक्त एक नोंद करून घ्यावी. सदर कर्मचाऱ्यावर ओरडू इच्छिणाऱ्या सर्व ग्राहकांनी, तसेच वरिष्ठांनी, ओरडण्यापूर्वी त्याच्या स्वादुपिंडाची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी, ही नम्र विनंती."