हरणासाठी राखून ठेवलेले बूट

अविनाश कुणाच्याही घरी गेला की आधी पाच मिनिटं दारातच उभा राहायचा. कॅनबेराच्या गुंगालिन भागातल्या आमच्या मराठी घरांत पार्टी असली की दाराशी चपला-बुटांचा ढीग पडतो. बाकीचे लोक आपापले बूट काढून आत शिरायचे. हा गृहस्थ दुसऱ्यांचे उचलायचा. एखादा बूट हातात घ्यायचा, टाच आणि चवडा धरून पोळीसारखा दुमडायचा, आत डोकावायचा आणि मग घरात येऊन कुणाला काही विचारायच्या आधीच निकाल सुनावायचा. "ते निळे कुणाचे? टाकून दे. तो बूट नाही, मोजा आहे." ज्याचे निळे असतील तो ओशाळं हसायचा. अविनाशला ते ओशाळं हसू फार आवडायचं. माझं मत विचाराल, तर तो त्या हसण्यासाठीच पार्ट्यांना यायचा.

तो मूळचा पुण्याचा, पन्नाशीचा, सरकारी खात्यांत आयटीची कॉन्ट्रॅक्टं करणारा. कॅनबेरात असे आम्ही शेकड्यांनी आहोत. पण बऱ्याच वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या कुणी गोऱ्याने त्याला हरणाच्या शिकारीला नेलं होतं. तेव्हापासून त्याच्याकडे लायसन्स होतं, रायफल होती, आणि आपण सोडून बाकी सगळी मराठी मंडळी डाळ-भात असल्याचा एक कायमचा चेहरा होता. त्या पहिल्या हरणाची गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली. दर दिवाळीला हरणाची शिंगं थोडी वाढायची.

त्याच्या गॅरेजमध्ये एक कपाट होतं आणि त्यात बुटांचे सहा जोड, आपापल्या खोक्यात, पातळ कागदात गुंडाळलेले. त्याची बायको रेखा त्या कपाटाला देवघर म्हणायची. मी अविनाशहून दहा वर्षांनी लहान, नुकताच डोंगर चढायच्या नादाला लागलेला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या देवघराचा पहिला भक्त मीच होतो.

मला बूट घ्यायला तोच घेऊन गेला. शनिवारी सकाळी दुकान उघडताच. त्याने एक इटालियन जोड निवडला, ताठ, अरुंद, दिसायला देखणा. मी म्हटलं, करंगळी दाबली जातेय. दुकानातली मुलगी म्हणाली, आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, परत या, तोवर पाय थोडे फुगलेले असतात, जे मोजे घालून चालणार तेच घालून या, आणि एक माप रुंद घालून बघा. त्या मुलीला कळत होतं. अविनाशने तिला हाताने गप्प केलं. "नो वरीज, ही विल बी फाइन." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाय बुटाला शिकतो, मकरंद. बूट पायाला शिकत नाही." मी बूट घेतले. पहिल्याच मोठ्या उतारावर अंगठ्यांची नखं काळी पडली. त्याने विचारलं, कसे आहेत? मी म्हटलं, एकदम मस्त.

विनायक आमच्यात आला तो वॉलॉंगॉंगहून बदली होऊन. सिव्हिल इंजिनियर, बांधकामाच्या साइटवर काम, कमी बोलणारा. तो पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला त्या दिवशी दाराशी त्याचे बूट होते. तपकिरी, जाड चामड्याचे, चवड्यावर सुरकुत्या पडलेले, मेणाने तुकतुकीत.

"हे कुणाचे? गवंड्याचे?" अविनाश दारातून ओरडला.

विनायक उठून बघायला गेला. "माझे आहेत. आणि गवंड्यांनीच सांगितले म्हणून घेतले."

"म्हणजे?"

"दिवसभर उन्हापावसात उभं राहणाऱ्या माणसांना विचारलं, कुठले टिकतात. ते म्हणाले, वरचं चामडं एकसंध बघ. शिवणी जितक्या कमी, तितक्या फाटायच्या जागा कमी. तळवा नुसता चिकटवलेला नको, शिवलेला हवा, म्हणजे झिजला की नवा बसवता येतो. मी एकदा बसवून घेतलाय. महिन्यातून एकदा मेण लावतो. टाच हलत नाही, बोटांपुढे अंगठाभर जागा आहे. अजून काय हवं?"

यात उद्धटपणा काहीच नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. पण जेवणाच्या टेबलावर अविनाशने तो विषय सोडला नाही. "गवंड्याचे बूट" हा शब्द त्याने पाच-सहा वेळा वापरला, आणि शेवटी म्हणाला, "ये ना एकदा माझ्याबरोबर हरणाला. मग डोंगरच सांगेल." विनायक म्हणाला, येतो की.

मे महिन्यात आम्ही तिघं गेलो. कूमा गावाच्या पलीकडे कॉलिन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची मेंढ्यांची मोठी जमीन आहे. तिचा मागचा भाग म्हणजे नुसते डोंगर आणि घळी. तिथली हरणं त्याचं गवत खातात, म्हणून तो अविनाशला शिकारीला येऊ देतो. दोन रात्री तंबूत काढायच्या, सामान पाठीवर. संकटात सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने घेऊ, असं विनायक म्हणाला होता. "कॉलिनच्या मागच्या अंगणात जातोय, मेट," अविनाश म्हणाला, आणि तो विषय तिथे संपला.

निघायच्या दिवशी त्याने कॉलिनच्या फाटकापाशी गाडीतून एक खोका काढला. आत काळा इटालियन जोड, कोराच म्हणावा असा. "हे हरणासाठी राखून ठेवलेत. आठ वर्षांत दोनदा घातले असतील."

विनायकने तो जोड नीट पाहिला आणि हळूच म्हणाला, "इतकी वर्षं पडून असतील तर एकदा तपासून घ्या. काही बुटांच्या तळव्यात जो फोम असतो ना, तो न वापरता आपोआप कुजतो. वरून कळत नाही. साइटवर पाहिलंय मी."

"तू मला बूट शिकवतोस?" अविनाशने माझ्याकडे बघून डोळा मारला. आणि मी हसलो. ते हसू मी विसरलेलो नाही.

हरीण त्याने खरंच मारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, एका गोळीत. खोटं कशाला बोलू? मांस तिघांच्या पिशव्यांत भरलं, सगळ्यात जड पिशवी विनायकने घेतली, आणि रायफल रिकामी करून आम्ही परत निघालो. मी अविनाशच्या मागे चालत होतो. थोड्या वेळाने त्याच्या पावलांच्या ठशांत जळक्या भाकरीच्या चुऱ्यासारखे काळे तुकडे दिसायला लागले.

"अविनाश, तुझा बूट बघ."

"चिखल आहे."

अर्ध्या तासात उजवी टाच जिभेसारखी लोंबायला लागली. विनायकने पिशवीतून चिकटपट्टी आणि दोरी काढली. "थांबा, बांधून घेऊ. घट्ट बांधलं तर घरापर्यंत जाईल."

"मला गरज नाही."

गरज नाही म्हणे! तळवा घासत, एक पाय फरफटवत हा माणूस चालत होता. गवंड्याच्या हातची दोरी आपल्या इटालियन बुटाला लागू नये, म्हणून. पुढे ओढ्याकाठी ओल्या दगडांचा उतार होता. विनायक आधी उतरला आणि हात द्यायला खाली थांबला. अविनाशच्या बुटाचा तळवा पायाखाली दुमडला, पाठीवरच्या ओझ्याने त्याला पुढे ढकललं आणि तो सगळा भार घेऊन विनायकवर कोसळला.

अविनाश उठला. विनायक उठला नाही. गुडघ्याखाली नडगीचं हाड मोडलं होतं.

फोनला रेंज नव्हती. कॉलिनचं घर तीन तासांवर. मी म्हटलं, "मी जातो." माझी नखं दुखत होती, पण बूट धड होते. अविनाशने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. उजवा तळवा ओढ्यात गेला होता, डावा लोंबत होता. मग त्याने विनायकच्या पायांकडे पाहिलं.

"साइज काय रे तुझी?"

"नऊ," विनायक दात आवळून म्हणाला.

"माझीही नऊ. मकरंद, मला वाट माहितीये, मी जातो. विनायक, तुला आता लागणार नाहीत ना?"

हॉटेलात शेजारच्या टेबलावरची रिकामी खुर्ची मागतात, त्या आवाजात. धड पायातला बूट सहज निघाला. मोडलेल्या पायातला राहू दे, आधार होईल, असं मी म्हटलं. "एका बुटात कसा जाऊ? मकरंद, पाय घट्ट धर." मी धरला. त्याने बूट ओढला. विनायकच्या तोंडून जो आवाज निघाला त्याचं वर्णन मी करणार नाही.

अविनाशने नाड्या बांधल्या, दोनदा पाय आपटून बघितले. मग निघायच्या आधी स्वतःचा फाटका जोड त्याने एका पडलेल्या खोडाखाली सारला आणि वर झाडाच्या साली टाकल्या. तेव्हा मला कळलं. मी गेलो असतो तर कॉलिन इथे आला असता, आणि त्याने अविनाशला त्या बुटांत पाहिलं असतं. बस, एवढंच. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपले बूट बघू नयेत, म्हणून या माणसाने मोडलेल्या पायातून बूट उपसून काढला होता.

मी विनायकच्या अंगावर तिन्ही झोपायच्या पिशव्या घातल्या. "बोलत राहा," तो म्हणाला. मी काय बोललो आठवत नाही. दिवस मावळायच्या आत कॉलिन, त्याचा शेजारी आणि अविनाश गाडी जमेल तितकी वर आणून पोचले. अविनाश भराभर चालला असणार. बूट चांगले होते ना.

ऑपरेशन झालं, पायात सळई बसली. अविनाश हॉस्पिटलमध्ये एकदाच आला. प्लास्टिकच्या पिशवीतून विनायकचे बूट आणले, चिखलासकट, आणि खाटेखाली ठेवले. "छान चालले," तो म्हणाला. सर्टिफिकेट दिल्यासारखा.

दिवाळीच्या कार्यक्रमात मराठी मंडळाने अविनाशला 'डोंगरातली सुरक्षितता' या विषयावर दहा मिनिटं दिली होती. हॉल भरलेला, विनायक काठी घेऊन तिसऱ्या रांगेत. अविनाश माइकवरून म्हणाला, "बुटांत काटकसर करू नका. आपल्यातलाच एक मित्र साइटवरचे बूट घालून डोंगर चढला. पुढे काय झालं, ते आपल्यासमोर बसलंय." शे-दीडशे माना विनायककडे वळल्या. तो हातातल्या कागदी कपाकडे बघत होता.

मी उभा राहिलो. "अविनाश, बुटाचा तळवा तुझा निघाला होता. तू त्याच्या अंगावर पडलास. आणि नंतर त्याचेच बूट घालून चालत गेलास."

अविनाश किंचितही गडबडला नाही. माइकजवळ झुकून मायेने म्हणाला, "मकरंद त्या वेळी शॉकमध्ये होता. बुशमध्ये, रानात, होतं असं." लोक सुटल्यासारखे हसले. कुणीतरी जेवणाची घोषणा केली. पुरी-श्रीखंडाच्या रांगेत दोघंजण अविनाशला कुठला ब्रँड घेऊ, असं विचारत असलेले मी स्वतः पाहिले. त्यांचीही मला किळस आली.

विनायकला घरी सोडायला मी गेलो. वाटभर माझं तोंड थांबलं नाही. नीच, ढोंगी, भित्रा, जेवढे शब्द येत होते तेवढे वापरले. तो ऐकत होता. घरात गेल्यावर त्याने काठी ओट्याला टेकवून दोघांसाठी चहा केला. मी पुन्हा सुरू झालो, "मोडलेल्या पायातला बूट ओढतो म्हणजे काय! माणूस आहे का तो?"

"तो तसाच आहे," विनायक म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. त्याचा फार राग नाही येत." त्याने माझ्या कपात साखर घातली, ढवळली आणि कप माझ्यापुढे सरकवला. "बूट त्याने ओढला, मकरंद. पण पाय तू धरला होतास."

"तो म्हणाला म्हणून मी..." मी म्हटलं. आम्ही चहा प्यायलो.

पुढच्या वर्षी अविनाशला पर्थला कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि तो गेला. निरोपाच्या पार्टीला मी गेलो नाही. तिथेही त्याने नवी मंडळी जमवली आहेत, त्यांना बूट घेऊन देतो, असं ऐकतो. माझे इटालियन बूट मी काढून टाकले. एका आर्वोला, जाड मोजे घालून, विनायकबरोबर कामगारांच्या कपड्यांच्या दुकानात गेलो आणि चामड्याचे, शिवलेल्या तळव्याचे साधे बूट घेतले. आता विनायक पुन्हा चालायला लागलाय. रविवारी आम्ही जवळच्या टेकड्यांवर जातो. त्याच्या चालीने चालतो, बोलतो, परत येतो.

अविनाशबद्दल मला आजही तुच्छताच वाटते, तिच्यात तसूभरही फरक पडलेला नाही. पण विनायकसमोर मी त्याचं नाव काढत नाही.