चवीसाठी चमचाभर तूप

होटगी रोडवर नवं व्हीगन हॉटेल निघालं होतं. दूध-तुपाचा थेंबही वापरत नाही, असं पाटीवरच लिहिलेलं. मी तिथं जेवायला गेलो, तेव्हा शेजारच्या टेबलावर पन्नाशीची एक बाई एकटीच बसली होती. प्रत्येक पदार्थ आधी बोटानं ओठाला लावायची आणि थांबायची.

"दूध-तूप लागलं की घसा सुजतोय माझा," ती मला म्हणाली. "लई वर्षांनी बाहेर जेवायला आले बघा."

डाळ ओठाला लागताच तिनं वाटी खाली ठेवली. ओठ लाल होत चालले होते. तिनं मालकाला बोलावलं.

तो हसला. "काकू, चवीसाठी चमचाभर तूप टाकतो. एवढ्यानं काय होतंय?"

"तुमाला चव, आन् मला दवाखाना!" ती कडाडली. पर्समधली गोळी गिळून, वाटी हातात घेऊन ती टेबलाटेबलाशी सांगत फिरली, "ह्यात तूप हाय. पाटी खोटी हाय." कुणी मान वर केली नाही.

शेवटी माझ्यापाशी आली. "तुमीबी हीच डाळ खाल्ली की. कळलं न्हाय?"

"नाही," मी म्हणालो.

मालकाचा मला आजही संताप येतो, पण त्याहून जास्त माझा. पहिल्याच घासाला मला तूप कळलं होतं, आणि मी खूश होऊन दुसरी वाटी मागवली होती.