माऊसमधली रुई

जिनिंगच्या ऑफिसातला माऊस पहिल्यांदा अडकला, तेव्हा माझी बायको फक्त सकाळी खोकत होती. माऊसचा आजार मी पाच मिनिटांत ओळखला. बायकोचा ओळखला नाही. आता ती नाही, दमानं गेली. मी चौथी शिकलेला फिटर माणूस. गोड करून लिहिणं मला येत नाही, झालं तसं सांगतो.

दिग्रसजवळच्या एका जिनिंगमध्ये आम्ही दोघंही कामाला होतो. मी मशिनींचा फिटर, ती दोन नंबरच्या जिनवर. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी मशीन. बाया टोपल्यांनी कापूस आणून तिच्या तोंडात टाकतात. सरकी खाली पडते, रुई पुढून निघते. जी रुई कुठंच पडत नाही ती हवेत राहते. ती ओढून बाहेर टाकायला भिंतीत एक मोठा पंखा होता. बाया नाकाला पदर बांधत. सुटी झाली की शेटजी प्रत्येकाला गुळाचा एक खडा देत. गुळानं गळ्यातली रुई खाली उतरते, असं आमच्यात सगळे मानतात. मीही मानत होतो.

वजनकाट्याचं ऑफिस हॉलला लागूनच, मधे एक खिडकी. तिथं दिवाणजी बसत. जन्मभर त्यांनी पावत्या हातानं लिहिल्या आणि पन्नाशी उलटल्यावर शेटजींनी त्यांच्यापुढं कॉम्प्युटर मांडला. पंधरा दिवस शिकून आले बिचारे. जिवंत विंचू धरावा तसा माऊस धरत.

एका सकाळी पडद्यावरचा बाण हलेना. खाली-वर जाई, पण आडवा जाईना. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. दिवाणजींनी माऊस आपटला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून परत खुपसली. खालची गादी काढून कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवला. मग त्यांना आठवलं की दसऱ्याला त्याची पूजा केली होती.

"फिटर, कुंकू गेलं असन का रे आत?"

"कुंकवानं कोणी मरते का दिवाणजी? इकडे आणा."

यवतमाळचा कॉम्प्युटरवाला चार दिवसांपासून 'उद्या येतो' म्हणत होता. मी माऊस उलटा केला. पोटाला गोल झाकण होतं. अंगठ्यानं फिरवलं तर निघालं, आतून रबराची गोळी पडली आणि टेबलाखाली पळाली. दिवाणजी गुडघ्यावर बसून गोळी शोधेपर्यंत मी आत पाहिलं. दोन बारीक दांड्या होत्या. त्यांच्यावर रुई गुंडाळली होती, घट्ट, करड्या रंगाची. आमच्या जिनच्या रोलरवर गुंडाळते तशीच. मला हसू आलं. एवढीशी मशीन, पण रोग आमचाच.

काढायला काही बारीक पाहिजे होतं. मी हॉलमध्ये गेलो. बायकोच्या बांगडीत नेहमी दोन-तीन पिना अडकवलेल्या असत.

"पिन दे वं एक."

"कायले?"

"ऑफिसात उंदीर फसला."

"पिनेनं उंदीर मारता? बाप्पा! फिटरचे शिकारी कधी झाले तुमी?" शेजारच्या जिनवरची बाईही हसली. हसता हसता हिला खोकला आला. तो थांबायला वेळ लागला. मी पिन घेऊन निघालो. दांड्या साफ केल्या, गोळी पुसून बसवली, बाण सुरू झाला. दिवाणजींनी चहा पाजला.

त्यानंतर दहा दिवसांनी माऊस परत अडकला. मग आठ दिवसांनी. दर वेळी मी पिन मागायला जाई, शेवटी ती वैतागली. "ठेवा आता तुमच्यापाशीच. सवतच केली माही तुमी त्या उंदराले." मी पिन शर्टाच्या कॉलरला लावून ठेवली.

त्या सालांत कापसाचं काही खरं नव्हतं. गावागावांतून वाईट बातम्या येत. रांगेत उभा माणूस शेजारच्याच्या तोंडाकडे पाहत नसे. बोंडं अळीनं खाल्लेली, वेचणी उशिराची. संक्रांतीनंतर तर फरदडीचाच माल, म्हणजे झाड एकदा संपल्यावर पुन्हा फुटून आलेला कापूस. त्यात कचरा जास्त, माती जास्त. टोपली ओतली की धूर निघावा तशी धूळ उठायची.

आणि त्याच दिवसांत तीन नंबरच्या जिनचा पट्टा तुटला.

नवीन पट्टा यवतमाळहून यायचा होता. शेटजी म्हणाले, मशीन उभी नको. मी हॉलभर नजर फिरवली. भिंतीतल्या पंख्याचा पट्टा चांगला होता, फक्त लांब होता. मी तो उतरवला, कापला, टाचला आणि जिनवर चढवला. कुणी मला पंख्याचाच काढ असं सांगितलं नव्हतं. कापलेला पट्टा परत पंख्यावर जात नाही, हे मला ठाऊक होतं. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी मनात म्हणालो. नवीन पट्टा आला, तो पाच नंबरवर लागला. नंतर आणखी एक आला, तो गाठी बांधायच्या प्रेसकडे गेला. पंख्याची पाती तशीच उभी राहिली. आठवड्याभरात त्यांच्यावर रुईची दाढी आली.

माऊस मग दोन दिवसांत अडकू लागला. मग रोज. फाल्गुन लागला तेव्हा मी सकाळी साफ केलेला माऊस दुपारी बंद पडत होता.

बायकोचंही तसंच चाललं होतं, पण तिचं मी मोजलं नाही. बाजाराच्या दिवशी सुटी असे, त्या दिवशी तिला बरं वाटे. दुसऱ्या दिवशी कामावर गेली की संध्याकाळपर्यंत छाती आवळून येई. मला वाटलं, घरी बसलं की अंग सैल पडते, म्हणून असं होते. मी तिला म्हणालोही, "सुटीच घेत नको जाऊ." आणि माझ्या वाटचा गुळाचा खडा तिला देऊ लागलो. दोन खडे खाऊन ती म्हणे, "आता गळा मोकळा झाला." मला खरं वाटायचं.

एका दुपारी मी दांड्यांवरची रुई काढून कागदावर ठेवली. दिवाणजी चष्मा वर करून पाहत होते.

"फिटर, सकाळीच काढली होती न? हे कुठून येऊन राह्यलं एवढं?"

मी खिडकीकडे पाहिलं. हॉलमध्ये तिरपं ऊन आलं होतं आणि त्या उन्हात हवा दिसत होती. हवा दिसू नये. तिच्यात दोन नंबरच्या जिनपाशी माझी बायको उभी होती. पदर नाकावरून खाली सरकलेला, कारण पदरातून तिला श्वास घेता येत नव्हता.

"पंखा बंद आहे," मी म्हणालो.

"मंग लाव ना."

"पट्टा जिनवर आहे."

"मंग शेटजीले सांग बाप्पा. मले काय सांगतं?"

मी शेटजींकडे गेलो. ते आले. त्यांनी कागदावरची रुई पाहिली, माऊस पाहिला, खिडकीकडे काही पाहिलं नाही. "इतक्या भानगडीत कायले पडता? माऊसच बदलून टाका."

मी शेटजींना सांगितलं ते माऊसबद्दलच. बायको खोकते, हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. कामावरून काढतील ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर पट्टा कोणी काढला हे विचारतील ही भीती जास्त होती.

दोन दिवसांनी नवीन माऊस आला. त्याला गोळी नाही, दांड्या नाहीत, पोटात फक्त लाल दिवा. तो अडकलाच नाही. फार तर एक फुंकर मारावी लागे. दिवाणजी खूश झाले. मीही खूश झालो. रुईची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

होळीनंतर एक दिवस ती हॉलच्या तीन पायऱ्या चढून मधल्याच पायरीवर बसली. ओठ निळसर झाले होते. मी पळत गेलो.

"काय होऊन राह्यलं वं?"

"काही नाई. उलीसा वारा पायजे." दम घेऊन म्हणाली, "तुमचा उंदीर बरा झाला न?"

"हाव."

"मंग माही पिन द्या. पदर राहून नाई राह्यला."

मी कॉलरची पिन काढून दिली. तिच्या टोकाला अजून करडी रुई चिकटलेली होती. तिनं ती पुसली नाही, तशीच पदराला लावली.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं तिची छाती बराच वेळ तपासली. काय काम करता, किती वर्षं झाली, सगळं विचारलं. मग मला विचारलं, "तिथं धूळ ओढायला पंखा नव्हता का?"

मी तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "होता जी. पट्टा तुटला त्याचा."

पट्टा तुटला नव्हता. मी शिडीवर चढून तो उतरवला तेव्हा ती समोरच दोन नंबरवर उभी होती. तिनं वर पाहिलं होतं, आणि म्हणाली होती, "सांभाळून उतरा." येताना एसटीत मी तिला वाऱ्याच्या बाजूनं बसवलं. ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. पोळा पाहिला नाही तिनं.

दिवाळीनंतर सीझन लागला तसा मी कामावर गेलो. यवतमाळला जाऊन मी स्वतः पट्टा आणला होता. कुणाला न विचारता शिडी लावली, पात्यांवरची जुनी रुई खरवडली आणि सगळ्यात आधी पंखा सुरू केला. दिवाणजी ऑफिसातून बाहेर आले.

"काहून रे फिटर, आता कायले? माऊस तर मस्त चालून राह्यला."

मी शिडी उतरून दोन नंबरच्या जिनला तेल द्यायला गेलो. तिथं नवीन बाई आली होती, तिशीची असेल. पदराला पिन लावत होती.

"खोकला आहे का बाई तुले?" मी विचारलं.

"नाई जी," ती म्हणाली. "उलीसा येते. सकाळीच."