ब्रेड मच, अंडी मेनी

लढाई संपली त्या साली आमचे हे म्हसवडला रजेवर आले ते मला पलटणीत न्यायची परवानगी घेऊनच. छावणी होती मद्रासकडं. मी तर हरखूनच गेले. पण आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, धसका घेतला. तिथल्या वाण्याला मराठी येत नाही, हिंदी येत नाही, नुसतं तमिळ नाहीतर इंग्रजी. ही चौथी शिकलेली पोर तिथं उपाशी मरायची; इंग्रजीत सौदा मागता आल्याशिवाय हिला धाडायची नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

मग काय, चुलीपुढंच शाळा भरली. मी भाकरी थापायची आणि ह्यांनी शेजारी पाटावर बसून शिकवायचं. मोजता येतं त्याला मेनी, ढिगानं येतं त्याला मच. अंडी मेनी, कांदे मेनी, गूळ मच, तांदूळ मच. तांदळाचे दाणे मोजता येतात की, म्हणून मी हटून बसले, तर हे म्हणाले, मग बस मोजत. असा राग यायचा! पण अजून तांदूळ निवडायला घेतले की ह्यांचं ते वैतागलेलं तोंड आठवतं, आणि वाटतं, आणखी थोडं भांडायला हवं होतं.

रजा संपत आली तशी आत्याबाई स्वतःच वाणी होऊन पुढ्यात बसल्या. मी एकेक जिन्नस इंग्रजीत मागत गेले. त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मी अडखळले की बरोबर कळायचं. शेवटी मी 'टू ब्रेड' म्हणाले आणि ह्यांनी कपाळाला हात लावला. ब्रेड मोजायचा नसतो, किती वेळा सांगू? मीही तव्यावरची भाकरी दाखवून भांडले, ही एक, ती दुसरी, मोजता येत नाही कशी?

काय झालं, म्हणून आत्याबाईंनी विचारलं. इंग्रजीत भाकरी मोजत नाहीत, असं ह्यांनी सांगितलं.

"मग बराबर हाय की," त्या म्हणाल्या. "खाणाऱ्याच्या भाकरी कुनी मोजतं व्हय? शानी मानसं दिसत्यात. ने हिला."

मी चुकले होते, आणि तरी पास झाले होते. हे खुशीत बाहेर गेले. मला मात्र भरून आलं. तुम्ही एकट्या कशा राहाल, असं मी आत्याबाईंना विचारलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तुजा सासरा सारा जलम पलटणीत हुता. मला कवा चल म्हणला न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणला असता, तर म्या मुक्यानं बी सौदा आनला असता."