बर्फात ठेवलेलं रक्त

“पोटॅशियम सात? मॅडम, नक्की?”

आयसीयूतून डॉ. मुळे इंटरकॉमवर विचारत होते.

“डबल चेक केलंय, सर. दोन्ही वेळा सातच.”

“मग इन्शुलिन लावतो.” त्यांनी फोन ठेवला.

मी तेव्हा औरंगाबादच्या एका खासगी हॉस्पिटलात लॅब इन्चार्ज होते. माझ्या रिपोर्टवर कुणी ‘नक्की?’ म्हटलं की माझं डोकं फिरायचं. पेशंट होती सोयगावकडची ठकूबाई. तीन दिवस जुलाब-उलट्या. तिचं रक्त घेऊन नवरा सकाळी एसटीनं आला, आम्ही तपासलं आणि तिथल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी घाबरून तिला जीपमध्ये घालून आमच्याकडे धाडलं. ती आत्ता पोचली होती.

रक्तात पोटॅशियम साडेतीन ते पाच असावं. सात म्हणजे हृदय कधीही थांबू शकतं. अशा वेळी ग्लुकोजमधून इन्शुलिन देतात. त्यानं रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं.

मी व्हरांड्यात आले. ठकूबाईचा नवरा म्हाळू सकाळपासून तिथंच बसून होता. मेंढरं राखणारा माणूस, मांडीवर थर्मास.

“बाई, रगत नासलं नव्हतं ना?”

“नाही. का हो?”

“ऊन लई हाय ना. कंपाउंडर म्हणला, दुधावानी रगत बी नासतं. म्हून काल दुपारधरनं ह्या थर्मासात बर्फात ठिवलं. बर्फ इतळला की रसवंतीवरनं दुसरा आणायचो. लई जपलं, बाई.”

“काल दुपारपासून? बर्फात?”

“व्हय.”

मी तशीच जिन्याकडे वळले.

त्याचं कारण असं. पोटॅशियम राहतं पेशींच्या आत. बाहेरच्या पाण्यात, म्हणजे सिरममध्ये, अगदी थोडं असतं. पेशीच्या पडद्यातून ते सारखं बाहेर झिरपत असतं आणि पडद्यातच बसवलेले प्रथिनांचे बारीक पंप ते परत आत ओढत असतात. गारठ्यात हे पंप जवळजवळ बंद पडतात. झिरपणं मात्र चालूच राहतं. रात्रभर बर्फात ठेवलेल्या नळीत पेशींमधलं पोटॅशियम सिरममध्ये उतरतं. पेशी फुटल्या तर सिरम लालसर होतं, ते आम्ही लगेच ओळखतो. इथं पेशी फुटल्याच नव्हत्या, त्यामुळे सिरम स्वच्छ पिवळं होतं आणि मी निर्धास्त होते.

म्हणजे ते सात नळीतलं होतं. ठकूबाईचं किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी जिना चढत पळाले. चप्पल कुठं राहिली ते कळलं नाही. सिस्टर इन्शुलिनच्या बाटलीला नळी जोडत होत्या.

“सर, थांबा! रिपोर्ट चुकीचा असेल.”

“आत्ताच डबल चेक म्हणालात!”

“नळी बर्फात होती, सर. मला ताजं रक्त द्या. दहा मिनिटं फक्त.”

“आणि दहा मिनिटांत हिचं हार्ट थांबलं तर?”

समोर ठकूबाई डोळे मिटून पडली होती, ओठ कोरडे पडलेले. मुळ्यांनी ईसीजीची पट्टी पुन्हा उचलली. सातला ज्या लाटा टोकदार व्हायला हव्यात, त्या चपट्या होत्या.

“मलाही हे जुळत नव्हतं,” ते पुटपुटले. “दहा मिनिटं. अकरावं नाही.”

रक्त त्यांनीच काढलं. नळी मुठीत धरून मी खाली आले. नळी कोमट होती. सिरम वेगळं करायला सेंट्रीफ्यूजला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत मी खंडोबाला काय काय बोलले ते सांगत नाही. मग सिरम मशीनला लावलं.

दोन पॉइंट आठ.

जुलाबात पोटॅशियम शरीरातून वाहून जातं, हे शिकाऊ टेक्निशियनलाही ठाऊक असतं. आधीच कमी असलेलं इन्शुलिननं आणखी उतरलं असतं, आणि तिचं हृदय आमच्याच हातानं थांबलं असतं. मी वर जाऊन आकडा सांगितला, तशी मुळ्यांनी टांगलेली इन्शुलिनची बाटली स्वतः उतरवली. नंतर पोटॅशियम हळूहळू सलाइनमधून दिलं. चौथ्या दिवशी ठकूबाई भाकरी मागू लागली.

घरी सोडताना मी म्हाळूला सगळं समजावलं. पुन्हा कुणाचं रक्त असं आणू नका म्हटलं. त्यानं थर्मासचं झाकण काढून पुन्हा लावलं.

“म्हंजे मीच मारत व्हतो व्हय तिला?”

“नाही, म्हाळूभाऊ. तुम्ही नुसता बर्फ आणलात. सात मी लिहिलं. नळी कशी आली, हे मी विचारलंच नाही.”

त्यानं मान हलवली. त्याला पटलं की नाही, ठाऊक नाही.

एकच नळी दोनदा लावली की मशीन तपासून होतं. पेशंट तपासायचा राहून जातो. रिटायर होईपर्यंत ‘डबल चेक’ हा शब्द मी पुन्हा फोनवर उच्चारला नाही.